डोब्रोचा अल्बम कुणाला गोड, तर कुणाला कर्कश का वाटतो? समजून घ्या सोप्या भाषेत

शेणव्याहून शहापूरला निघालेल्या एसटीत कुणी मोबाईलच्या स्पीकरवर डोब्रोचा अल्बम लावला, तर कोणती मतं कानावर पडतील? एक जण म्हणेल, ‘हे तर जुन्या हिंदी गाण्यांतलं गिटार.’ दुसरा म्हणेल, ‘पत्र्यासारखं वाजतंय, बदल.’ तिसरा विचारेल, ‘गाणं कधी सुरू होणार?’ गंमत म्हणजे तिन्ही मतांमागे ठोस कारण आहे.

आधी, डोब्रो म्हणजे काय?

डोब्रो हे मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं गिटार. डाव्या हातात पोलादी ठोकळा असतो. तारा बोटांनी न दाबता तो ठोकळा त्यांवरून सरकवायचा आणि उजव्या हाताच्या नख्यांनी तारा छेडायच्या. आपल्या पेटीवर एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडी मारावी लागते, मधला सूर मिळत नाही. डोब्रोवर मात्र गळ्यासारखी मींड घेता येते.

स्लोव्हाकियातून अमेरिकेत गेलेल्या जॉन डोपेरा यांनी १९२० च्या दशकात, विजेवर चालणारं गिटार रुळण्याआधी, मोठा आवाज देणारं गिटार बनवलं. १९२८ मध्ये त्यांनी भावांसोबत ‘डोब्रो’ हे नाव आणलं. डोपेरा आणि ब्रदर्स यांची सुरुवातीची अक्षरं जोडून ते तयार झालं. स्लोव्हाक भाषेत या शब्दाचा अर्थही ‘चांगलं’ असाच आहे.

मत पहिलं : ‘पत्र्यासारखं वाजतं’

हे मत अर्धं खरं आहे. डोब्रोच्या पोटात ॲल्युमिनियमचा पातळ, वाटीसारखा शंकू बसवलेला असतो. तारांची थरथर आठ पायांच्या आधारावरून या शंकूत उतरते आणि शंकू हवा ढकलतो. स्पीकरचा पडदा जे काम विजेवर करतो, तेच काम इथे विजेशिवाय होतं. धातूची झाक या वाद्याच्या स्वभावातच आहे.

उरलेला दोष मोबाईलचा. ब्लूग्रासमध्ये डोब्रोच्या सहा मोकळ्या तारा साधारण ९८ ते २९४ हर्ट्झच्या दरम्यान लावतात. मोबाईलचा चिमुकला स्पीकर नेमका याच खालच्या भागात कमजोर असतो. सुराचा भरीव पाया गळतो आणि वरची धारदार किणकिण तेवढी उरते. तोच अल्बम हेडफोनवर ऐकलेला माणूस ‘मऊ, घुमणारा आवाज’ म्हणतो, तेव्हा दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

मत दुसरं : ‘जुन्या गाण्यांतलं गिटार’

ही ओळख अचूक आहे. तार आडवी ठेवून सळई सरकवण्याची पद्धत हवाई बेटांवरून जगभर गेली. अमेरिकेत तिच्यापासून डोब्रो घडलं. मुंबईच्या चित्रपटसंगीतात तीच पद्धत ‘हवाईयन गिटार’ म्हणून रुजली. व्हॅन शिप्ले यांच्या गिटारवरच्या फिल्मी धुनांच्या रेकॉर्ड्‌स घरोघरी वाजल्या.

त्यामुळे आपल्याकडे एक सवय लागली. गिटारवर गाण्याचे ‘शब्द ऐकू आले’ तर वादन चांगलं! १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ने या सवयीला धक्का दिला. शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्यासोबत ब्रिजभूषण काबरा यांनी याच जातीच्या गिटारवर राग वाजवला. पुढे विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा आणि जेरी डग्लस यांचं डोब्रो ‘बर्बन अँड रोझवॉटर’ या अल्बममध्ये एकत्र आले.

मत तिसरं : ‘गाणं कधी सुरू होणार?’

ब्लूग्रास ही अमेरिकेच्या केंटकी भागातल्या बिल मन्रो यांनी घडवलेली शैली. तिच्यात सहसा ड्रम नसतो. गिटार, मेंडोलिन, फिडल, बँजो आणि मोठा उभा बास एवढ्यावर ताल चालतो. (हा बँजो म्हणजे हळदीत वाजणारा, बटणांचा बेंजो नव्हे. ते बुलबुलतरंगाच्या घराण्यातलं वेगळं वाद्य.)

आधी सगळे मिळून धून मांडतात. मग एकेक वादक आपल्या पाळीत तीच धून फिरवतो, बाकीचे साथ देतात. शब्दांची वाट पाहणाऱ्याला हे रिकामं वाटतं. पाळी कुणाची आहे हे कळलं, की ऐकण्यात रस येतो.

जाणकारांचं तरी एकमत असतं का?

नाही! १९९४ चा ‘द ग्रेट डोब्रो सेशन्स’ ऐकला की कारण कळतं. जेरी डग्लस आणि टट टेलर यांनी त्यात दहा डोब्रोवादक एकत्र आणले. या अल्बमला सर्वोत्तम ब्लूग्रास अल्बमचं ग्रॅमीही मिळालं.

त्यात ‘ब्रदर ऑस्वाल्ड’ यांचा जुना हवाई वळणाचा बाज आहे. १९५५ मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्ज यांच्या बँडमध्ये आलेल्या जॉश ग्रेव्ह्ज यांचा बँजोसारखा तीन बोटांचा वेग आहे. माईक ऑल्ड्रिज यांचा गुळगुळीत, संयमी सूर आहे. टेलर स्वतः बोटांतल्या नख्यांऐवजी चपट्या पिकने वाजवायचे. वेग आवडणाऱ्याला ऑल्ड्रिज संथ वाटतील आणि सूर शोधणाऱ्याला ग्रेव्ह्ज घाईचे. वाद्य एकच, कसोट्या वेगळ्या.

मग ऐकायचं कसं?

• शक्यतो हेडफोन लावा. साधे वायरचेही चालतील.
• पहिल्या तीस सेकंदांत गाणं बदलू नका. तोवर अनेकदा फक्त धून मांडून झालेली असते.
• डोब्रोची पाळी ओळखा. लांब सरकत जाणारा सूर ही त्याची खूण.
• आधी संथ धून ऐका, वेगवान नंतर.

एवढं करूनही आवडलं नाही, तर ते तुमचं स्वतःचं मत. निदान ते मोबाईलच्या स्पीकरने बनवलेलं नसेल.