शंभर टक्क्यांवरचा फटका

दिवाळीत नातू पुण्याहून नारायणगावला आला, तो निन्टेन्डोचं यंत्र काखेत मारूनच. टीव्हीला जोडून त्यानं ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ लावला. हवेत तरंगणारा एक ओटा आणि त्यावर एकमेकांना बडवणारे चित्रविचित्र गडी! मी उठणारच होतो. पण पडद्याच्या तळाशी टक्के दिसले. उभा जन्म बँकेत टक्के मोजण्यात गेलेला माणूस मी. बसलो.

मासाहिरो साकुराई यांचा हा खेळ १९९९ साली जपानात आला. मारामारीच्या इतर खेळांत मार खाणाऱ्याची ताकद घटत जाते आणि संपली की तो हरतो. इथं उलटं. प्रत्येक फटक्यानं टक्के चढतात, आणि ते जितके चढलेले, तितका गडी पुढच्या फटक्याला लांब भिरकावला जातो. शून्यावर जो ठोसा जेमतेम मागं सरकवतो, तोच शंभरावर थेट पडद्याबाहेर घालवतो. गडी अंगानं हलका असेल, तर त्याआधीच.

मला आंबेगाव तालुक्यातली माझी जुनी शाखा दिसू लागली. कांदा पिकवणारा एक शेतकरी होता. पहिल्या वर्षी भाव पडला, तरी तो मला हसत चहा पाजून गेला. दुसऱ्या वर्षी मी कर्ज नवं-जुनं करून दिलं. तिसऱ्या वर्षीची पडझड काही पहिल्यापेक्षा मोठी नव्हती हो! पण व्याज चढलेलं, आणि जमीन दोनच एकर. ‘हप्ते पाडून द्या,’ म्हणत तो दोनदा आला. नोटीस माझ्या सहीनं गेली. पुढं त्यानं जमीन विकली.

“आजोबा, फटका बसल्यावर नुसती बटणं बडवू नका, दांडी धरा,” नातू सांगत होता. आडवे उडालात, तर दांडी वर, आतल्या अंगाला रेटायची. मग गडी सरळ बाहेर न जाता उंच चढतो आणि ओट्यावर परतायला वाव मिळतो. आमच्या जत्रेतल्या तांबड्या मातीतही हेच. उचलून आपटला जाणारा पैलवान हवेतच अंग वळवतो आणि पालथा पडतो. पाठ टेकली नाही म्हणजे कुस्ती चालू. तो शेतकरी दोनदा आला होता, तो दांडीच धरायला.

“चढलेले टक्के उतरतच नाहीत का रे?” मी विचारलं.

“उतरतात की! टोमॅटो मिळाला, तर एकदम पन्नास.”

मला हसू आलं. २०२३ च्या जुलैत आमच्या नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे भाव असेच आभाळाला भिडले होते.

“पण तो केव्हा, कुठं पडेल, ते आपल्या हातात नसतं,” म्हणत नातवानं पुढचा डाव लावला.