पुष्टि कीं व्याधि ?

माहेरीं आलेली लेक अंगानें भरलेली दिसली कीं "सासर मानवलें हो!" असें कौतुकानें म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. परंतु प्रत्येक स्थूलता पुष्टीची द्योतक नसते. क्वचित् ती एका दुर्मिळ पण गंभीर विकाराची खूण असते. आणि तो न ओळखल्यामुळें रोग्यास उपचाराऐवजीं "खाणें आवरा, कामें करा" असे बोल ऐकावे लागतात. म्हणून त्याची माहिती आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक लहान ग्रंथि असते. तिच्यांतून स्रवणारें कॉर्टिसोल रक्तदाब, रक्तांतील साखर व संकटाशीं झुंजण्याची शक्ति सांभाळतें. सकाळीं त्याचें प्रमाण भरपूर असतें, तर मध्यरात्रीच्या सुमारास अगदीं अल्प. या व्यवहाराचा लगाम मेंदूच्या तळाशीं असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या हातीं असतो. तेथें, अगर क्वचित् मूत्रपिंडावरील ग्रंथींत, गांठ झाली तर कॉर्टिसोल अहोरात्र पाझरत राहतें. अमेरिकन शस्त्रवैद्य हार्वे कुशिंग यांनीं १९१२ सालीं अशा एका २३ वर्षांच्या तरुणीची हकीकत प्रसिद्ध केली आणि १९३२ सालीं पीयूषिकेंतील गांठीशीं या विकाराचा संबंध जोडला. त्यांचेंच नांव त्यास मिळालें आहे.

साध्या लठ्ठपणांत हातपायही भरतात. येथें चेहरा वाटोळा व लालसर होतो, पोट सुटतें, मानेमागें उंचवटा येतो. हातपाय मात्र बारीक होतात. पोटावर जांभळे, रुंद पट्टे उमटतात. किंचित् धक्क्यानेंही त्वचा काळीनिळी पडते. पाटावरून उठतांना हाताचा टेका लागतो. स्त्रियांची पाळी चुकते, मन उदास राहतें. मुलाचें वजन वाढत असून उंची खुंटली असेल, तर तें बाळसें समजूं नये. हीं सारीं लक्षणें एकाच रोग्यांत आढळतील असें मात्र नाहीं.

अशीच अवस्था आणणारें सर्वांत नेहमींचें कारण म्हणजे दीर्घकाळ घेतलेलीं स्टेरॉईड औषधें. दमा, संधिवात इत्यादि रोगांत तीं प्राणदायी ठरतात. परंतु सल्ल्यावांचून चालू ठेवलेल्या गोळ्या, नांव नसलेल्या पुड्या व गोरेपणासाठीं चोळलेलीं मलमें घातक होत. हें वाचून मात्र कोणीं औषध एकाएकीं बंद करूं नये. बाहेरून पुरवठा होत असल्यानें शरीरांतील ग्रंथि निद्रिस्त झालेली असते. औषध अकस्मात् थांबलें तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेततें. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं मात्रा हळूहळू उतरवावी लागते.

निदानासाठीं २४ तासांचें मूत्र व रात्रीची लाळ तपासतात. पीयूषिकेंतील गांठ बहुधा नाकावाटे शस्त्रक्रिया करून काढतां येते. पूर्ववत् शक्ति यावयास मात्र कित्येक महिने लागतात.

तेव्हां घरांतील कोणाचें रूप वर्षभरांत पालटलें, तर त्याच्या ताटाकडे पाहण्यापूर्वीं जुनें छायाचित्र शेजारीं ठेवून पाहावें आणि त्यास डॉक्टरांकडे न्यावें. दोष देण्याची घाई नको, इतकेंच आमचें सांगणें.