एका बटणावर उडणारं विमान! जुनं मॉडेल हाती लागलं तर काय कराल?

वैराग : फवारणीचे ड्रोन आता आपल्या ओळखीचे झालेत. पण १९५०-६०च्या दशकात हौशी लोक रेडिओवर छोटी विमानं उडवायचे, तीही एकाच बटणावर. याला सिंगल चॅनल म्हणतात.

हे चालतं कसं?
विमानाच्या पोटात पीळ दिलेलं रबर असतं. बटण दाबलं की खटका सुटतो, पीळ थोडा उलगडतो आणि शेपटीचं सुकाणू वळतं. बऱ्याच सेटमध्ये एकदा दाबून धरलं की उजवीकडे, दोनदा दाबून धरलं की डावीकडे. सोडलं की सुकाणू सरळ. इंधन संपलं की इंजिन बंद, मग विमान तरंगत खाली येतं.

दुरुस्ती कशी?
आधी जुने सेल काढा. ते गळून तारा गंजतात. रबर नवीनच घाला. मोडलेलं बाल्सा लाकूड चिकटवा, फाटका कागद बदला.

उडवताना
पीळ संपला तर विमान तुमचं ऐकत नाही, म्हणून दर वेळी पीळ भरा. ज्वारी निघालेलं मोकळं रान निवडा. विजेच्या तारा, माणसं, जनावरं लांब हवीत. वारं असेल तर थांबा; भरकटलेलं विमान एका बटणानं माघारी येईलच असं नाही. आणि सरकारच्या ड्रोन नकाशावर आपला भाग हिरव्या पट्ट्यात आहे ना, तेही आधी बघा.