विटलेले आणि विरलेले

पूर्वीच्या मराठी घरांत, मग ते घर कृष्णाकाठच्या एखाद्या शेतकऱ्याचे असो, पुण्याच्या पेठेतल्या कारकुनाचे असो, की गिरणगावच्या चाळीतली एकच खोली असो, माळ्यावर, बाजेखाली किंवा फडताळाच्या तळच्या खणात जुन्या लुगड्याच्या फडक्यात आवळून बांधलेले एक गाठोडे हटकून असे. आणि घरातल्या इतर जिनसांवर कोणाचाही हात चालला तरी या गाठोड्याची मुखत्यारी मात्र घरातल्या सर्वांत वयस्क स्त्रीकडे राही. वापरून जुनी झालेली लुगडी, कडेला उसवलेली धोतरे, पोरांना आखूड झालेले सदरे आणि परकर, उशांचे अभ्रे, शिंप्याकडून परत आणलेले कापडाचे उरलेसुरले तुकडे असा त्यातला ऐवज असे. गोधडी शिवण्याचे शिक्षण ज्याला म्हणावयाचे ते सुईत दोरा ओवण्याच्या पुष्कळ आधी, हे गाठोडे सोडून त्याच्यासमोर बसण्यापासून सुरू होई; आणि माझे मत असे आहे की त्या शिक्षणाचा अधिक मोठा व अधिक अवघड भाग तेथेच उरकत असे.

माझी आजी सातारकडची. चैत्र संपत आला, रब्बीची सुगी घरात येऊन पडली आणि पेरणीच्या धांदलीला अजून अवकाश असला की दुपारच्या वेळी ओसरीवर ती गाठोडे सोडी आणि नातींपैकी जी हाताशी सापडेल तिला समोर बसवी. कापडाचा तुकडा प्रथम उजेडासमोर धरावयाचा. मग दोन्ही मुठींत पकडून, अंगठे एकमेकांना टेकवून, उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही दिशांना ताणून पाहावयाचा. रंगावर भुलणाऱ्या मुलीला ती एवढेच म्हणे, "रंगाकडं नगं बघू, पोरी. इटलेलं चालतंय, इरलेलं न्हाई." विटलेल्या कापडाचा रंग गेलेला असतो, पण सूत शाबूत असते, विरलेल्या कापडाचा रंग पुष्कळदा जसाच्या तसा असतो, परंतु ताण बसताच त्यातले धागे आवाज न करता एकमेकांपासून अलग होतात. धडधाकट सूत फाडले तर टर्रकन आवाज होतो, विरलेले मुकाट्याने सुटते. हा भेद डोळ्यांना दिसत नाही, तो बोटांना आणि कानांनाच कळतो, आणि ज्या पिढीने ते कापड नेसले, धुतले आणि वाळत घातले तिच्या शेजारी बसल्यावाचून तो सहसा उमगत नाही.

कोणते वस्त्र कोठे झिजते याचाही एक अनुभवसिद्ध जाबता असे. नऊवारी लुगडे कासोट्यापाशी आणि बैठकीच्या जागी अगोदर जाते. काठ मात्र दाट विणीचे असल्यामुळे मधले अंग जीर्ण झाल्यावरही टिकून राहतात. सदऱ्याची गळपट्टी आणि कोपरे जातात, पाठीचा खालचा भाग चांगला निघतो. म्हणून अख्खे कापड सरसकट एका वर्गात टाकून चालत नाही, त्याचे भाग करावे लागतात: मजबूत आणि मऊ असे जे असेल ते वरच्या आणि खालच्या पदरासाठी, मध्यम दर्जाचे आत भरण्यासाठी, आणि अगदीच विरलेले ते दिव्याच्या वातींना आणि भांडी पुसायला. सुभद्रेच्या घरी श्रीकृष्णाच्या कापलेल्या बोटाला बांधायला चिंधी सापडली नाही आणि द्रौपदीने मात्र अंगावरचे भरजरी वस्त्र फाडून दिले, ही कथा आपल्याकडे भक्तीचा दाखला म्हणून सांगतात; मला मात्र ती ऐकताना नेहमी असे वाटत आले आहे की त्या राजवाड्यात गोधड्या शिवणारी एखादी आजी असती, तर चिंधीचा प्रश्न तिने उभ्याउभ्या निकालात काढला असता.

जुनेच कापड कशासाठी, याला काटकसर हे एक उत्तर आहे, पण ते पुरे नाही. कोऱ्या सुती कापडात खळ असते. वर्षानुवर्षांच्या धुण्याने ती निघून जाते, धागा मऊ पडतो आणि त्यातून सुई विनासायास उतरते. शिवाय कोरे सुती कापड पहिल्या काही धुण्यांत आटते, जुने आटायचे तेवढे आटून बसलेले असते. म्हणून दोहोंची सांगड घातली तर पहिल्या धुलाईनंतर कोरे कापड आवळले जाऊन जुन्याला जागोजागी चुण्या पडतात. नवे आणि जुने एकत्र शिवू नये, हा दंडक मुलींना कारणाशिवाय सांगितला जाई, तरी त्यामागचे कारण असे निखळ व्यवहाराचे आहे. नायलॉन आणि टेरिलीन घरात आल्यापासून या शास्त्राची पंचाईत झाली. ही कापडे लवकर विटत नाहीत आणि विरतही नाहीत, त्यामुळे जुन्या कसोट्या त्यांना लागू पडत नाहीत. ती घाम शोषून घेत नाहीत, आणि त्यांचे पदर एकमेकांवरून निसटत असल्याने हाताखाली कापड स्थिर राहत नाही. अलीकडे अशा साड्यांच्या रंगीबेरंगी गोधड्या सर्रास दिसतात. दिसायला त्या झगझगीत असतात, पण पांघरून पाहणाऱ्याला सुती गोधडीशी त्यांची तुलना करवणार नाही.

गाठोड्याला एक प्रतिस्पर्धीही होता, तो म्हणजे बोहारीण. जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी ही बाई दारात येऊन बसली की सासू आणि सून यांच्या अर्थशास्त्रातला विरोध उघड होई. सुनेला नवे पातेले हवे असे, सासूला त्याच्या बदल्यात जाणारे जुने पातळ येत्या उन्हाळ्यात गोधडीत हवे असे. स्टीलच्या भांड्यांचा जमाना आल्यावर या झगड्यात बोहारीण बहुतेक जिंकली, आणि पुष्कळ घरांतले गोधडीचे शिक्षण खरे पाहता तिच्याच टोपलीतून घराबाहेर गेले.

आता प्रत्यक्ष शिवण. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. त्याचे चार समान भाग केले की प्रत्येक भाग एका माणसाच्या उंचीहून थोडा अधिक भरतो, आणि दोन दोन भाग काठाला काठ लावून जोडले की दोघांना पुरेल असा एक पदर तयार होतो. याप्रमाणे एकाच धड लुगड्यातून गोधडीचा तळ आणि वरचा पदर असे दोन्ही निघू शकतात, हा हिशेब मुलींना पाढ्यांच्याही अगोदर पाठ होई. स्वच्छ सारवलेल्या जमिनीवर तळ अंथरून, चारही कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे किंवा दगड ठेवून तो ताणतात. त्यावर आतले तुकडे अशा बेताने पसरतात की दोन तुकड्यांची कड एकावर एक फार चढू नये, कारण चढली तर तेथे गोळा येतो, आणि फट राहिली तर तेथून थंडी शिरते. मग वरचा पदर घालून लांब लांब टाक्यांनी सगळे टाचून घेतात. हे टाचणे पुढे उसवून टाकावयाचे असते, म्हणून नवशिकी मुलगी ते उरकून टाकू पाहते. आजीच्या लेखी मात्र मुलीची परीक्षा नेमकी येथे होत असे.

त्यानंतर कडेपासून धावदोरा सुरू होतो. दोऱ्याची गाठ दोन पदरांच्या मध्ये दडवावयाची, दोरा हातभर लांबीहून अधिक घ्यावयाचा नाही, आणि मधल्या बोटात अंगुस्ताना घालून सुई पुढे रेटावयाची. गोधडी जमिनीवर अंथरलेली असल्याने सुईचे टोक सगळे थर भेदून खालच्या भुईला किंचित टेकते, आणि ते टेकल्याची जाणीव होताच मनगट कलते करून सुई परत वर वळवावयाची असते. ही जाणीव एकदा बोटांत उतरली की पाहिल्यावाचून शिवता येते, गप्पा चालू राहतात आणि टाका चुकत नाही. ओळी बोटभर अंतराने, आयतात आयत असे वळसे घेत मध्याकडे सरकत जातात. नव्या पद्धतीच्या यंत्रावरच्या रजईकामात शिवण बहुधा मध्यापासून कडेकडे न्यावयास सांगतात, म्हणजे कापडाचा फुगवटा बाहेर निघून जातो. आपल्या बायकांनी उलटा क्रम पत्करला, कारण जमिनीवर बसलेल्या स्त्रीच्या हाताला आधी कड लागते, मध्य लागत नाही; एका बाजूची शिवण झाली की शिवलेल्या भागावरच बसून पुढे सरकता येते, आणि चार बाजूंना चौघीजणी बसू शकतात. फुगवट्याचा बंदोबस्त त्यांनी टाचण्यात अगोदरच केलेला असतो.

या बसण्याच्या पद्धतीतच शिकवण्याची पद्धत दडलेली आहे. आजी एका कडेला बसे, नात दुसऱ्या कडेला, आणि दोघींच्या ओळी कोपऱ्यात येऊन मिळत. तेथे टाक्यांची लांबी जुळली नाही तर कोणाला बोलून दाखवावे लागत नसे. आजी नातीची ओळ उसवी, उसवलेला दोरा बोटाला गुंडाळून तिच्या हातात परत देई आणि आपल्या कामाला लागे. आमच्या घरच्या जुन्या गोधड्यांवर कोणती बाजू कोणी शिवली हे आजही ओळखता येते: आजीचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे आणि सारख्या मापाचे, धाकट्या काकूचे लांब आणि उजवीकडे कललेले. टाका दाट असण्याला अर्थही आहे. थरांच्या मध्ये कोंडलेली हवा उष्णतेला बाहेर जाऊ देत नाही, म्हणून गोधडी ऊब देते. ओळी या हवेचे लहान लहान कप्पे पाडतात आणि आतल्या चिंध्या एका कोपऱ्यात गोळा होऊ देत नाहीत. ओळी फारच जवळ घेतल्या तर हवेला जागा उरत नाही आणि गोधडी ताठ होते, फार दूर घेतल्या तर दोन-चार धुण्यांत आतले भरण सरकते. बोटभर अंतराचा शिरस्ता या दोन टोकांमधून निघालेला आहे.

जुन्या कापडाचे थर धावदोऱ्याने एकत्र बांधण्याची ही विद्या काही एकट्या महाराष्ट्राची नाही. बंगालच्या काँथ्यात जुन्या साड्यांच्या काठांतून काढलेल्या रंगीत दोऱ्यांनी पांढऱ्या कापडावर माणसे, झाडे आणि हत्ती-घोडे काढतात. कवी जसीमुद्दीन यांच्या 1929 सालच्या प्रसिद्ध काव्यातली नायिका तर आपली सारी जीवनकथाच काँथ्यावर टाकते. उत्तर कन्नडच्या जंगलात राहणारे सिद्दी आपल्याला जवळचे, कारण त्यांतल्या पुष्कळांचे पूर्वज आफ्रिकेतून पोर्तुगीजांच्या गोव्यात गुलाम म्हणून आणले गेले आणि तेथून रानात पळाले, आणि त्यांच्या बोलीत कोकणीचा अंश आहे. त्यांच्या गोधडीची, म्हणजे कवंदीची, शिवण आपल्यासारखीच कडेपासून मध्याकडे जाते, आणि कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या तुकड्यांची त्रिकोणी फुले बसवल्यावाचून त्यांच्या बायका ती पुरी झाली असे मानीत नाहीत. काँथ्यात कौशल्य दोऱ्याकडे गेले, सिद्द्यांकडे तुकड्यांच्या रचनेकडे. आपल्या गोधडीने, दक्षिण महाराष्ट्रातल्या वाकळेने, चित्राचा हव्यास फारसा धरला नाही. तिचा कस कापडाच्या निवडीत. गाडगेमहाराज चिंध्यांची वस्त्रे अंगावर वागवीत आणि काही भागांत लोक त्यांना गोधडेमहाराज म्हणत, यावरून दारिद्र्य आणि मान या दोहोंची सरमिसळ या वस्त्राशी कशी झाली होती ते ध्यानात येते.

स्त्रियांना शिवणकाम शिकवण्याची संस्थात्मक व्यवस्थाही आपल्याकडे उभी राहिली. रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली 1909 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने विधवांना आणि गरजू स्त्रियांना इतर शिक्षणाबरोबर शिवणकामही शिकवले, आणि त्यामुळे कित्येकींना स्वतःच्या कमाईची भाकर मिळाली. अशा वर्गांचे किंवा शिवणयंत्राचे मोल कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. यंत्रांविषयी कठोर बोलणाऱ्या गांधीजींनीही 1924 साली ज्या मोजक्या यंत्रांना अपवाद केले त्यांत सिंगरचे शिवणयंत्र होते. परंतु वर्गात कापड कोरे येते, माप कागदावर येते, आणि शिकणारीला कात्री कोठे चालवावी एवढेच ठरवावयाचे उरते. साध्या घरगुती शिवणयंत्रावर जाड गोधडी नीट होतही नाही. त्याचे दाते खालचा पदर पुढे ओढतात, वरचा मागे रेंगाळतो आणि चुण्या पडतात. आज शहरांतून गोधडीच्या कार्यशाळा भरतात, त्यांत दुकानातून आणलेले जुळत्या रंगांचे नवे चौकोनी तुकडे हातात देतात. निघते ती वस्तू देखणी असते यात संशय नाही. मात्र कापड ताणून पाहण्याचा प्रसंग तेथे येत नाही, आणि त्या मुलींना एखादे जुने पातळ हातात दिले तर त्याचे काय करावे हे कळणार नाही, अशी माझी प्रामाणिक तक्रार आहे. या बाबतीत दारोदार फिरून मजुरीने गोधड्या शिवून देणाऱ्या बायकांचा अधिकार मोठा मानला पाहिजे. घरमालकिणीने पुढे केलेल्या ढिगातून त्या बोलता बोलता निम्मे कपडे बाजूला काढतात, आणि का काढले असे विचारले तर तो कपडा मुठीत धरून एक झटका देतात.

ज्यांना ही विद्या घरच्या वडीलधाऱ्या बाईकडून अजून घेता येण्यासारखी आहे त्यांनी गोधडीला एकदम हात घालू नये. सुरुवात बाळाच्या दुपट्याने करावी. त्याला तीन पदर पुरतात, ते मांडीवर घेऊन शिवता येते, आणि थोड्या दुपारींत हातावेगळे होते. त्यासाठी पुष्कळ धुतलेले सुती धोतर किंवा पातळ लागते, कारण तान्ह्या अंगाला काठाचा जाडपणा आणि उसवलेल्या शिवणीची गाठ टोचते. तेव्हा काठ कापून बाजूला ठेवावेत, ते पुढे मोठ्या गोधडीच्या कडेला लागतात. कापड निवडण्याचे काम आजीने करावे आणि तिने बाद ठरवलेला प्रत्येक तुकडा शिकणारीने उचलून स्वतः ताणून पाहावा. मोठी गोधडी मागाहून, आणि तीही वैशाखाच्या उन्हातच काढावी. मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्यावर धुतलेली जाड गोधडी आठ-आठ दिवस वाळत नाही, आणि तिला एकदा कुबट वास धरला की तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जात नाही.