वानर, माकड आणि कपि

अमरकोशांत कपि, मर्कट व वानर हे शब्द समानार्थी आहेत. प्राणिशास्त्र मात्र त्यांत भेद मानतें. गोरिला, चिंपांझी, ओरांगउटान, गिबन हे कपि होत. त्यांस शेपूट नसतें. भारतांत त्यांपैकीं केवळ हूलॉक गिबन, तोही ईशान्येकडील अरण्यांत, आढळतो.

माकडांचे मुख्य वर्ग दोन : अमेरिकेंतील रुंद नाकाचीं व आशिया-आफ्रिकेंतील अरुंद नाकाचीं. या दुसऱ्या वर्गांत पुन्हां दोन शाखा आहेत. लाल तोंडाच्या माकडाच्या गालांत अन्न सांठविण्याच्या पिशव्या असतात. महागांवच्या शिवारांतील काळ्या तोंडाच्या वानरास त्या नसतात; त्याचें जठर गाईच्या जठराप्रमाणें अनेक कप्प्यांचें, पाला पचविण्याजोगें असतें. पोळी-बिस्किटें त्यास मानवत नाहींत. तेव्हां पुण्य म्हणून त्यास दारीं खाऊ घालावयाचें व त्याच चटकेनें तो शेतांत शिरला कीं दगड मारावयाचे, हा न्याय नव्हे. त्यापेक्षां गांवचे वड-पिंपळ राखावे.