टिटवीच्या अंड्यांचे वय

मार्च ते ऑगस्टच्या दरम्यान माळरानावर, तलावाकाठी किंवा नांगरलेल्या शेतात टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. गाळ काढणे, रस्त्यावर खडी पसरणे ही कामेही उन्हाळ्यातच निघतात. कामाच्या जागी घरटे आढळले, तर काम किती दिवस दुसरीकडे वळवावे, हा प्रश्न उभा राहतो. अंडी किती दिवस उबवली गेली आहेत, हे कळल्यास त्याचे उत्तर मिळते.

टिटवी बहुधा चार अंडी घालते. शेवटचे अंडे घातल्यावर उबवणे नेटाने सुरू होते आणि २८ ते ३० दिवसांत पिले बाहेर पडतात. आज तीन अंडी दिसली व पुढे चार झाली, तर दिवस तेथूनच मोजावेत. हात लावण्याचे कारण नाही. चारही अंडी आधीच असल्यास पक्षिशास्त्रज्ञ पाण्याची परीक्षा घेतात.

तिचे तत्त्व गृहिणींच्या परिचयाचे आहे : ताजे अंडे बुडते, शिळे तरंगते. कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जाते आणि रुंद टोकाकडील हवेची पोकळी वाढते. आकारमान तेच राहून वजन घटते. बहुतेक पक्ष्यांत ही घट पिलू बाहेर येईपर्यंत सुमारे १५ टक्के होते. त्यामुळे ताजे अंडे तळाशी आडवे पडते, काही दिवसांनी त्याचे रुंद टोक उचलले जाते, पुढे ते तळावरच उभे राहते. त्यानंतर ते तरंगू लागते आणि पाण्याबाहेर डोकावणारा भाग वाढत जातो. जातीनुसार या अवस्थांचे दिवस बदलतात. अंदाजात काही दिवसांची चूक गृहीत धरावी लागते. शिवाय वांझ अंड्यातूनही पाणी उडते, म्हणून तरंगणारे अंडे जिवंत असेलच असे नाही. प्रकाशासमोर धरून पाहण्याची पद्धत कोंबडीच्या पांढऱ्या अंड्यास सोयीची. टिटवीच्या गडद ठिपक्यांच्या अंड्यातून फारसे दिसत नाही. कवचाला तडा गेलेले अंडे पाण्यात मुळीच सोडू नये.

टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस अधिक, असा आडाखा गावोगावी बांधला जातो. त्यापायी घरट्यापर्यंत मात्र अनेकांचे पाय वळतात.

वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे ही शिकारच ठरते. त्यामुळे ही परीक्षा अनुज्ञा असलेल्या अभ्यासकांनीच करावयाची आहे. शिक्षकांना वर्गात कोंबडीची अंडी पुरेशी आहेत. ग्रामपंचायतीने दुरून जागेची खूण करून वन कर्मचाऱ्यांना कळवावे आणि दुपारच्या उन्हात पक्षी उठणार नाही, हे पाहावे. पिले जन्मानंतर लवकरच चालू लागतात व एखाद्या दिवसात घरटे सोडतात. ती कोठे दडली आहेत, हे पाहूनच यंत्रे पुढे न्यावीत.