आधी काय दिसावे?

धुळे-सोलापूर महामार्गावरचे वडीगोद्री हे अंबड तालुक्यातले गाव. अशा गावातला फलक धावत्या गाडीतून वाचता यायला हवा. पण हल्ली फ्लेक्स म्हटला की वीस चेहरे, पाच रंग आणि सगळीच अक्षरे ठळक! सगळेच ओरडू लागले, तर ऐकायचे कोणाचे?

पानाची मांडणी म्हणजे आधी काय दिसावे आणि मग काय, हे ठरवणे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेले 'कालनिर्णय' पाहा. तारखेचा आकडा मोठा, तिथी-नक्षत्र बारीक, रविवार लाल. आजोबांना चतुर्थी सापडते, नातवाला सुट्टी. उरलेल्या जागेत आजी दुधाचा खाडा लिहिते. कोरी जागा वाया जात नाही, हे छापून घेणाऱ्याला पटवणे मात्र कठीण. पैसे मोजलेत ना, मग कागद भरूनच हवा!

त्यात आपली देवनागरी शिरोरेषेला लोंबणारी. वर वेलांटी-रफार, खाली उकार. ओळी दाटीने लावल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला भिडतो आणि वाचणाऱ्याचे डोळे शिणतात.

घरात आलेली एखादी लग्नपत्रिका आज काढा. मुहूर्ताची वेळ सापडायला किती क्षण लागतात, ते मोजा.